चार बोल्टांचं हँडल

नवी मुंबईत मोटरसायकलचं हँडल वाकायला अपघातच व्हावा लागतो असं नाही. वाशी, नेरूळ, बेलापूर, पनवेल, कुठल्याही स्टेशनाबाहेरच्या पे-अँड-पार्कमध्ये सकाळी नऊनंतर डोकावून पाहा. गाड्या इतक्या खेटून लावलेल्या असतात की मधून माणूस आडवा होऊनही जात नाही. कुणीतरी घाईत आपली गाडी मागे ओढतो, शेजारच्या गाडीचा आरसा त्यात अडकतो, ती साइड स्टँडवरून पलीकडे कलते आणि बघता बघता अख्खी रांग एकमेकींच्या अंगावर झोपते. संध्याकाळपर्यंत अटेंडंटने सगळ्या गाड्या मुकाट उभ्या केलेल्या असतात. लोकलमधून उतरलेला मालक गाडी काढतो आणि पहिल्या वळणानंतर त्याच्या लक्षात येतं की गाडी सरळ चाललीय, पण उजवा हात डाव्यापेक्षा मागे आलाय.

पावसाळ्यात याच्या जोडीला सायन-पनवेल महामार्गावरचे खड्डे असतातच. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, पण दुचाकीला त्यावर मज्जाव आहे. त्यामुळे मुंबईला बाईकने जाणाऱ्यांची मदार अजून वाशीच्या खाडीपुलावर आणि त्याच जुन्या महामार्गावर आहे.

हँडल वाकडं घेऊन गॅरेजमध्ये गेलं की दोनपैकी एक उत्तर मिळतं: ‘सरळ करून देतो’ किंवा ‘नवीन टाकू’. बहुतेक वेळा दोन्ही उत्तरं गाडीकडे नीट न बघता दिलेली असतात. यात मेकॅनिकचा दोष काढायचा नाही. साध्या कम्युटर गाडीचं हँडल काही शे रुपयांना मिळतं, मजुरीही त्या मानानेच. एवढ्या पैशात तो तासभर टेप लावून मापं घेत बसला तर दुकानाचं भाडं कुठून भरेल? त्याच्याकडे हत्यारं आहेत, हातात सराव आहे, नसतो तो वेळ. आणि हे काम जितकं हत्याराचं आहे त्याहून जास्त वेळाचं आहे. म्हणून ते घरी करण्यात अर्थ आहे. पैसे वाचवायला मात्र नाही. बरा टॉर्क रेंच घ्यायला गेलात तर दोन-चार हँडलांची मजुरी तिथेच गेली.

पहिला वेळ द्यायचा तो वाकलंय काय हे शोधायला. गाडी पडली आणि हँडल तिरकं दिसू लागलं म्हणजे हँडलच वाकलं असं नसतं. पुढचं चाक दोन शॉकअपच्या नळ्यांमध्ये, त्या नळ्या खालच्या आणि वरच्या टीमध्ये, म्हणजे त्यांना धरणाऱ्या आडव्या तुकड्यांमध्ये, आणि वरच्या टीवर क्लॅम्पने धरलेलं हँडल, अशी ही साखळी आहे. पडताना चाक कशाला तरी अडकलं तर नळ्या टीमध्ये किंचित पीळ खाऊन बसतात. मग चाक सरळ धरलं की हँडल वाकडं आणि हँडल सरळ धरलं की चाक वाकडं. नवं हँडल टाकूनही ते तसंच राहतं. ‘हँडल बदललं तरी गाडी खेचतेय’ ही तक्रार बहुधा इथूनच येते.

तपासणी सोपी आहे. गाडी मेन स्टँडवर घ्यायची, चाक डोळ्याच्या अंदाजाने सरळ करायचं. सीटच्या मधोमध मागच्या बाजूला एक खूण करून तिथून दोन्ही ग्रिपच्या टोकांपर्यंत दोरी लावून मापायचं. मग त्याच खुणेपासून दोन्ही शॉकअपच्या नळ्यांपर्यंत. नळ्यांची मापं सारखी आणि ग्रिपची वेगळी आली तर हँडल किंवा त्याचा क्लॅम्प दोषी. जमिनीपासून दोन्ही टोकांची उंचीही मोजा, कारण हँडल नुसतं मागे वळत नाही, खालीही बसतं. मापं सारखी आहेत, पण चाकच हँडलशी काटकोनात नाही, तर पीळ टीमध्ये आहे. तो काढायला टीचे आणि चाकाच्या आसाचे बोल्ट ढिले करून पुन्हा ठरावीक क्रमाने आवळावे लागतात. गुडघ्यांत चाक धरून हँडलला हिसका देण्याची पद्धत प्रत्येक गॅरेजात दिसते आणि किरकोळ पिळाला ती चालतेही, पण तो हिसका देऊन गाडी तशीच नेऊ नये. हँडल वळवताना मधे कुठे खटका लागत असेल तर कोनसेटही, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, तपासावा लागेल, आणि ते काम गॅरेजचंच.

‘सरळ करून देतो’ याला मात्र साफ नकार द्यावा. पोलादी नळी एकदा कायमची वाकली की त्या जागचा धातूचा पोत बदलतो. उलट्या बाजूला ओढून सरळ केली की ती जागा आणखी कडक आणि ठिसूळ होते. वरच्या क्रोमला तिथे बारीक तडे जातात आणि खाडीच्या खाऱ्या, दमट हवेत गंज त्याच फटींतून आत शिरतो. अ‍ॅल्युमिनियमचं हँडल असेल तर प्रश्नच नाही. पोलाद निदान वाकून इशारा देतं. अ‍ॅल्युमिनियम फारसा इशारा न देता तुटू शकतं, आणि तुटतं ते सहसा क्लॅम्पच्या कडेला, जिथे दोन्ही हातांचा भार एकवटतो.

नवं हँडल घेताना पहिलं माप नळीच्या जाडीचं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या हँडलची नळी २२ मिलिमीटरची, म्हणजे सात अष्टमांश इंचाची असते. हे माप सायकलच्या जमान्यापासून चालत आलंय. काही मोठ्या क्रूझर गाड्यांना एक इंचाची नळी असते. काही नव्या गाड्यांत मधला भाग २८.६ मिलिमीटरचा आणि टोकांकडे पुन्हा २२ चा. जाडी जुळली तरी रुंदी, उंची, टोकांचा मागे येणारा कोन या गोष्टी उरतातच. स्प्लेंडर प्लसची एकूण रुंदी कंपनी ७२० मिलिमीटर सांगते, क्लासिक ३५० ची ७८५. रुंद हँडलला वळवायला जोर कमी लागतो, कारण मधल्या टेकूपासून हात लांब जातो. पण ऐरोलीच्या सिग्नलला रिक्षा आणि बसच्या मधून वाट काढताना तेच दोन-अडीच इंच आडवे येतात.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा आपल्या भागातल्या स्पेअरच्या दुकानात जाताना जुनं हँडल, नाहीतर निदान गाडीचं मॉडेल आणि वर्ष बरोबर न्यावं. ‘पल्सरचं द्या’ एवढ्याने भागत नाही. पल्सर २२० ला तर एकसंध नळीच नाही. शॉकअपच्या नळ्यांना वेगवेगळे आवळलेले दोन तुकडे आहेत, ज्यांना क्लिप-ऑन म्हणतात. पडण्यात स्विचची पेटीही फुटली असेल तर वर्ष आणखी महत्त्वाचं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनबरोबर आपोआप लागतो, म्हणून त्यांच्या उजव्या स्विचवर दिवा बंद करायचं बटणच नसतं. दुकानदार जुना स्विच देतो, तो बसतोही, आणि वायरींचा घोळ घरी आल्यावर कळतो.

नवं हँडल जुन्याच्या शेजारी फरशीवर ठेवून पाहा. तिथेच एक बारीक गोष्ट दिसेल जिच्यावर अनेकांची रविवारची दुपार वाया जाते. स्विचच्या पेटीला आतून एक छोटी खुंटी असते आणि ती हँडलच्या नळीतल्या भोकात बसते, म्हणजे पेटी नळीवर गरगरत नाही. कंपनीच्या हँडलला हे भोक असतं. बाजारातल्या फॅन्सी हँडलना पुष्कळदा नसतं. मग काही जण खुंटी कापतात आणि पुढे वर्षभर हॉर्न दाबला की पेटी फिरत राहते. भोक पाडणं बरं, पण आधी स्विच, ब्रेक ऑईलचा डबा, ग्रिप असं सगळं सुकं लावून, हाताची बैठक ठरवून, मगच खूण करायची. भोक खुंटीएवढंच, आणि एकच. चुकीच्या जागी पाडलेलं भोक भरून येत नाही आणि नळी तिथे तेवढी कमजोर होते.

आता कायद्याची बाजू, कारण हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने वाहनात करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा होऊन कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं ते कलम म्हणतं. वाकलेल्या हँडलच्या जागी कंपनीचं तसंच हँडल टाकणं ही दुरुस्ती आहे, बदल नव्हे. त्यासाठी आरटीओत जायची गरज नाही. खांद्याच्या वर जाणारं लांबलचक हँडल लावणं मात्र वेगळी गोष्ट. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था गाडीचा नमुना तपासून मान्य करतात तो कंपनीने दिलेल्या हँडलसकट. एमएच-४३ च्या पाटीसकट सिग्नलला थांबल्यावर पोलिसाची नजर आधी हँडलवर आणि मग सायलेन्सरवर जाते, हेही लक्षात असू द्यावं.

कामाला जागा हवी ती सोसायटीच्या स्टिल्टमधली, उजेड असलेली, आणि शेजाऱ्याच्या गाडीपासून जरा लांब. लांब अशासाठी की ब्रेक ऑईल रंगावर पडलं तर रंग खातं. डॉट ३ आणि डॉट ४ दोन्ही. टाकीवर जुनी गोधडी किंवा जाड चादर टाकायची. काही सोडायच्या आधी फोनमध्ये डावीकडून, उजवीकडून, वरून फोटो काढायचे, कारण कोणती केबल शॉकअपच्या पुढून आणि कोणती मागून गेली होती हे दोन तासांनी कुणालाही आठवत नाही.

आरसे आधी काढायचे. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, त्यामुळे हट्टाने आवळत बसू नये. मग टोकांची वजनं. ही वजनं शोभेची नाहीत. एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेतं तेव्हा सेकंदाला शंभर हादरे नळीत येतात. टोकाला वजन असलं की नळीची स्वतःची कंपनगती खाली उतरते आणि हादरे तिला पुरते धरत नाहीत. वजनं काढून टाकलेल्या गाडीवर अर्ध्या तासात बोटं का बधिर होतात याचं उत्तर यात आहे. या वजनांचे स्क्रू बेफाम घट्ट असतात. जपानी वळणाच्या गाड्यांवरचे चौफुली स्क्रू दिसतात साध्या फिलिप्ससारखे, पण त्यांची खाच जरा वेगळी असते. साधा पेचकस त्यातून वर निसटतो आणि खाच गोल करून ठेवतो. जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, टोकाचा पेचकस घ्या, किंवा हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर.

ग्रिप हे या कामातलं सगळ्यात चिकट प्रकरण. नवी ग्रिप टाकणार असाल तर जुनी सरळ ब्लेडने उभी चिरा. वाचवायची असेल तर कडेखाली बोथट, पातळ पट्टी सरकवून आत साबणाचं पाणी सोडा आणि पिळत पिळत ओढा. तेल मारलं तर ग्रिप चटकन निघते, पण परत बसवल्यावर तेल आतच राहतं आणि ऐन पावसात ग्रिप हातात फिरू लागते. बसवताना हेअर स्प्रे किंवा ग्रिपचा खास गोंद: ओला असताना ग्रिप सरकते, वाळल्यावर पकडते. डावी आणि उजवी ग्रिप एकसारखी दिसली तरी उजवीचं आतलं माप मोठं असतं, कारण ती नळीवर नाही, तर अ‍ॅक्सिलरेटरच्या प्लॅस्टिक बाहीवर बसते. ती बाही मोकळी फिरली पाहिजे, म्हणून गोंद तिच्या आत शिरता कामा नये. नळीचा तो भाग आधी कापडाने कोरडा पुसून घ्या.

डिस्क ब्रेकचा डबा हँडलवरून सोडला की तो उभाच ठेवायचा, आडवा टाकायचा नाही. नाहीतर हवा आत जाऊन लिव्हर स्पंजासारखा होतो. पाइप सोडायची गरजच नाही, हँडल त्याच मापाचं असेल तर. परत लावताना क्लॅम्पवरचा बाण किंवा ‘अप’ अशी खूण वर ठेवून आधी वरचा बोल्ट पूर्ण आवळायचा, मग खालचा. फट राहील ती खाली. हे बोल्ट सहा मिलिमीटरचे असतात. साधारण दहा-बारा न्यूटन-मीटरच्या पुढे त्यांना नेलं की डब्याचे आटेच हातात येतात.

मुख्य क्लॅम्पचे चार बोल्ट हा कामाचा गाभा. बोल्ट पोलादी, आटे मात्र बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमच्या टीमधले. कमी आवळले तर खड्ड्यात ब्रेक मारताना हँडल पुढे झुकतं. जास्त आवळले तर आटे जातात आणि दहा मिनिटांचं काम टी बदलण्यावर येतं. आठ मिलिमीटरच्या अशा बोल्टांना साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर लागतात; नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. हा आकडा हाताला कसा लागतो ते पाहायचं असेल तर पंधरा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला पंधरा किलोचा जोर दिला की साधारण २२ न्यूटन-मीटर होतात. म्हणजे फार नाही. दात-ओठ खात पूर्ण अंग टाकून आवळणाऱ्याच्या हातून याच्या दुप्पट सहज जातं. टॉर्क रेंच घेणारच असाल तर लहान, दहा ते साठच्या टप्प्यातला घ्या. मोटारीच्या चाकांचा मोठा रेंच चाळीसच्या खाली मोजतच नाही.

नळीवर एक ठिपका किंवा रेघ कोरलेली असते, ती क्लॅम्पच्या फटीशी जुळवायची. मग चारही बोल्ट हाताने बसवून, फुलीच्या क्रमाने, थोडं थोडं. काही कंपन्या पुढची फट पूर्ण मिटवून मागे फट ठेवायला सांगतात, काही दोन्हीकडे सारखी. हेही मॅन्युअलच सांगेल. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प याउलट जरा कमीच घट्ट ठेवणारे जाणकार चालक आहेत. पुढच्या वेळी गाडी रांगेत झोपली तर लिव्हर मोडण्याऐवजी फिरतो. मला ही युक्ती स्टेशनवर गाडी ठेवणाऱ्यांसाठी एकदम पटते. मात्र ब्रेकच्या बाजूला कंपनीच्या आकड्याच्या खाली जाऊ नये.

लिव्हरचा कोन ठरवायला सीटवर बसा, दोन बोटं लिव्हरवर ठेवा. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत सरळ रेघ यायला हवी. लिव्हर फार वर असला की मनगट मागे मुडपतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाणारी अल्नार नस दाबली जात असते. अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होत असतील तर मनगटातली मधली नस. हँडल बदलायला निघालेल्या कितीतरी लोकांना नवं हँडल नकोच असतं. लिव्हर दोन सेंटिमीटर खाली फिरवायचा असतो, आणि त्याला एक पाना आणि दोन मिनिटं लागतात.

सगळं लागल्यावर उरते ती तपासणी, आणि नेमकी हीच गॅरेजमध्ये गाळली जाते. इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मधे, पूर्ण उजवीकडे असं तीन जागी धरून अ‍ॅक्सिलरेटर उघडून सोडा. तिन्ही ठिकाणी तो आपणहून टक्कन मिटला पाहिजे. मग गाडी सुरू करून, न्यूट्रलमध्ये, हँडल या टोकाकडून त्या टोकाला न्या. इंजिनाचा आवाज चढला तर केबल कुठेतरी ताणली जातेय. यू-टर्न घेताना गाडीने आपणहून पुढे झेप घ्यावी, असा हा दोष आहे. अ‍ॅक्सिलरेटरच्या ग्रिपला दोनेक मिलिमीटर मोकळी चाल हवी, क्लचच्या लिव्हरलाही थोडी; ती अजिबात नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहून घसरतो. पुढचं चाक उचलून शॉकअप पूर्ण लांब होऊ द्या आणि त्या स्थितीत दोन्ही बाजूंना वळवून ब्रेकचा पाइप ताठ होतो का पाहा. बोटं टाकी आणि लिव्हरच्या मधे चिमटतात का? हॉर्न, इंडिकेटर आणि पुढच्या ब्रेकने लागणारा मागचा दिवा. हा दिवा हमखास विसरतात, कारण त्याचा बारीकसा स्विच लिव्हरच्या खाली असतो आणि ओढाताणीत त्याची पिन निघते.

काही कामं घरी करू नयेत. हँडल उंच घेतलं आणि ब्रेकचा पाइप पुरेनासा झाला, तर एबीएस असलेल्या गाडीवर हात घालू नये. १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि त्याच गटातल्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे अशा गाड्या आता पुष्कळ आहेत. त्यांचा पाइप मधल्या यंत्रातून जातो आणि तिथे अडकलेली हवा काही गाड्यांत यंत्राला संगणकावरून चालवल्याशिवाय बाहेर येत नाही. क्लिप-ऑन बदलायला वरची टी सोडावी लागली तरी तेच.

नवं हँडल लावून पहिली चक्कर सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवर मारावी, पाम बीच रोडवर नाही. दोन-तीन दिवसांनी चारही बोल्टांना पुन्हा रेंच लावून पाहावा. नवी नळी क्लॅम्पमध्ये थोडी बसते. आणि जुनं वाकडं हँडल भंगारवाल्याला देण्याआधी हॅक्सॉने मधोमध कापावं, म्हणजे ते सरळ होऊन, रंग लागून दुसऱ्याच कुणाच्या गाडीवर चढणार नाही.